केसपेपरवरचा वीकनेस

सरकारी दवाखान्यातल्या ओपीडीत बसणाऱ्यांच्या हाताला एक नोंद इतकी सवयीची झालेली असते, की ती लिहिताना पेन अडखळत नाही. ‘जनरल वीकनेस’. गर्दीच्या दिवशी तेवढंही पुरं लिहिलं जात नाही, ‘जी. डब्ल्यू.’ या दोन अक्षरांत भागतं आणि खाली बी-कॉम्प्लेक्स, लोहाच्या गोळ्या, पाच दिवस. समोरच्या बाईनं यातलं काहीच सांगितलेलं नसतं. ती म्हणालेली असते, “हातपाय गळते जी”, “उठलं का डोळ्यापुढं अंधारी येते”, “पहिल्यासारखं काम धकत नाही”, आणि या सगळ्याला एक नाव हवं म्हणून शेवटी, “कमजोरी हाय.” तीन-चार वेगळ्या तक्रारी, त्यांची कारणंही कदाचित वेगळी. कागदावर उतरताना त्यांचा एकच शब्द होतो. तो एकदा निदानाच्या रकान्यात बसला, की पुढचे प्रश्न विचारायची कोणाला गरज वाटत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या वैद्यकीय कामातून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. वीकनेस ही तक्रार म्हणून जरूर लिहावी, निदान म्हणून लिहू नये. कारण या दोन जिल्ह्यांत तरी तिच्यामागं बहुधा नाव-गाव असलेला, तपासता येणारा आजार किंवा अभाव असतो.

शब्दाच्या मुळाकडे गेलं, तर ही सवय कुठून आली याचा थोडा माग लागतो. इंग्रजीतला ‘वीक’ आला उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वेइकर’वरून. जर्मनमधला मऊ या अर्थाचा ‘वाइश’ त्याच कुळातला, आणि कुळाच्या मुळाशी वाकणं, नमणं हा अर्थ आहे. लवचीक काड्यांच्या विणकामाला इंग्रजीत ‘विकर’ म्हणतात, तोही याच घराण्यातला. बांबूच्या कमच्या वाकवून सूप-टोपल्या विणणाऱ्या आपल्याकडच्या बुरडाला वाकणं हा दोष वाटणार नाही. भार पडला तर वस्तू वाकणारच, प्रश्न भार किती आणि कुठं पडतो एवढाच असतो. वैद्यकाच्या पुस्तकांत मात्र दुसरेच शब्द मानाला चढले. लॅटिनमधून आलेला ‘डेबिलिटी’ आणि ग्रीकमधून आलेला ‘अस्थेनिया’. ‘डेबिलिटी’तला मधला तुकडा आणि संस्कृत ‘बल’ एकाच धातूचे असावेत, असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे आपलं ‘दौर्बल्य’ तिचं लांबचं नातेवाईक. अस्थेनिया म्हणजे ताकद नसणं. फारसीतून आलेला आपला ‘कमजोर’ही तेच सांगतो, जोर कमी. हे सगळे शब्द माणसाच्या आत काय उणं आहे एवढंच बोलतात, बाहेरून काय लादलं गेलं आहे याबद्दल गप्प राहतात. उणं आहे म्हटलं की भर घालायची, हा उपाय मग आपोआप सुचतो.

एडिंबराच्या जॉन ब्राउन यांनी १७८० मध्ये यावर अख्खी उपचारपद्धतीच उभारली होती. त्यांच्या मते साऱ्या आजारांचे प्रकार दोनच, शरीरातली चेतना जास्त झालेले आणि कमी झालेले. कमी झालेल्यांना त्यांनी अस्थेनिक म्हटलं, आणि बहुतेक रोगी त्याच गटात टाकून त्यांना मद्य आणि अफू देण्याची शिफारस केली. रोग्याला तात्पुरतं बरं वाटायचंच. पुढं १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी न्यूरस्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, ही संज्ञा रूढ केली आणि शहरी मध्यमवर्गाला तिचं भारी कौतुक वाटलं. आपल्याकडच्या टॉनिकांच्या बाटल्या याच वंशातल्या आहेत.

त्याच काळात दुसरीकडे उलट दिशेचं काम चाललं होतं, आणि माझ्या लेखी खरा धडा तिथला आहे. आल्प्स पर्वतातून गॉटहार्डचा बोगदा खणला जात असताना तिथले मजूर पांढरेफटक पडू लागले, दम लागून खाली बसू लागले. हवा वाईट, काम कष्टाचं, अन्न निकृष्ट, तेव्हा अशक्तपणा येणारच, हे उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं होतं. १८८० मध्ये त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत आकडेकृमी सापडले. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना तर पिढ्यान्‌पिढ्या आळशी म्हटलं जात होतं. १९०२ मध्ये चार्ल्स स्टाइल्स यांनी तिथंही आकडेकृमीच दाखवला, तेव्हा एका वर्तमानपत्रानं ‘आळसाचा जंतू सापडला’ अशी चेष्टा केली. पण १९०९ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशातून त्या भागात मोठी मोहीम उभी राहिली. हे आठवायचं कारण असं, की आमच्याकडेही ‘हे लोक आळशीच’ हे वाक्य ठेकेदारापासून कर्मचाऱ्यापर्यंत अनेकांच्या तोंडी सहज येतं. ज्या बाईबद्दल ते बोललं जातं ती रोवणीच्या दिवसांत सकाळपासून सांजेपर्यंत अनवाणी चिखलात वाकून असते. आकडेकृमीची अळी ज्या वाटेनं शरीरात शिरते ती वाट म्हणजे नेमकी तीच, ओल्या मातीतून पावलाच्या कातडीत.

या भागातल्या कमजोरीचं एक ठळक कारण मात्र रक्ताच्या आत, जन्मापासून असतं. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्या. भारतात सिकलसेलचा हा दोष १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत नोंदला गेला, आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. गोंड, माडिया, परधान या समाजांत तो आहेच, पण तो केवळ आदिवासींचा आजार आहे ही समजूत चुकीची. विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजातही त्याचं प्रमाण लक्षणीय आहे आणि इतर जातींतही तो सापडतो. शतकानुशतकं जिथं मलेरिया राहिला तिथं हा दोष टिकला, कारण आई-बाप दोघांपैकी एकाकडूनच तो आलेल्या वाहकाला घातक मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. हे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवलं. दोघांकडून आला तर मात्र पेशी विळ्यासारख्या वळतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलग्रस्ताची दहा-वीस दिवस. शरीर रात्रंदिवस रक्त तयार करतं आणि तरी हिमोग्लोबिन सात-आठच्या आसपासच घुटमळतं. अशी मुलगी शाळेत जाते, पाणी भरते, लग्न होऊन सासरी येते, आणि तिच्या केसपेपरवर प्रत्येक वेळी वीकनेस एवढंच लिहिलं जातं.

प्राथमिक तपासणी अवघड नाही. छोट्या काचनळीतल्या रसायनात बोटाच्या रक्ताचा थेंब टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि नळीमागं काळ्या रेघा ओढलेला कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर दोष नाही; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. वाहक की ग्रस्त हे यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. रक्तदोषांच्या संशोधनासाठी चंद्रपुरात केंद्र आहे, ते डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झालं. जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचं लक्ष्य २०४७ आहे. तपासणीची सोय वाढत चालली आहे, हे मान्य करायलाच हवं. माझी काळजी तिच्या पुढची आहे. ‘सिकल’ हा शब्द आता वीकनेसची जागा घेऊ लागला आहे. वाहक माणूस एरवी निरोगी असतो. त्याला थकवा आला तर कारण दुसरीकडं शोधावं लागतं. तरीही ‘वाहक आहे ना, मग कमजोरी राहणारच’ असं सांगून त्याला परत पाठवलं जातं. नेमकं नाव मिळालं तरी चौकशी बंद पडू शकते, त्याचा हा नमुना.

बाकीची कारणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत, म्हणून तर ती नजरेतून सुटतात. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं गडचिरोलीचा राहिला आहे, आणि वारंवार येऊन गेलेला ताप रक्त कमी करून जातो. डाव्या बरगडीखाली हात घातला तर पाणथरी हाताला लागते. क्षयाचं तर नावच झिजणं सांगतं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं भूक मरते, पुढं तोंड उघडेनासं होतं आणि तिखट-मीठ खाववत नाही. मग माणूस पातळ भातावर दिवस काढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. निम्म्याहून जास्त बायकांना जे आहे ते हळूहळू रोग न वाटता बाईपणाचाच भाग वाटू लागतं, दवाखान्यालाही आणि बाईलाही.

यावर एक सरळ आक्षेप येतो: एवढंच आहे तर सर्वांना लोहाच्या गोळ्या द्या, तपासत कशाला बसता? सरसकट गोळ्या वाटण्याला माझा विरोध नाही, गरोदर बायकांना आणि किशोरींना त्या मिळायलाच हव्यात. पण गोळी हे उत्तर झालं की हिशेब चुकतो. सिकलसेलग्रस्ताच्या पेशी शरीरातच फुटतात, त्यांतलं लोह बाहेर जात नाही. वारंवार रक्त चढवलेल्या माणसात तर ते साठून यकृत-हृदयाला अपाय करतं. त्याला लोहाची गरज आहे का हे पाहावं लागतं, फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया ही त्याची खरी औषधं. आकडेकृमी असेल तर गोळीनं भरलेलं रक्त कृमी पिऊन टाकतो. आणि मासिक पाळीत महिनोन्‌महिने अति रक्त जात असेल, तर त्याबद्दल कोणी विचारलंच नाही तर बाई आपण होऊन सांगत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले, आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त आठ टक्के. कमजोरी हा शब्द या बायकांच्या तोंडी किती काळ असेल याची कल्पना करावी, आणि त्यामागं काय आहे हे पाहणारं कोणी नव्हतं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो गोव्यातून येतो. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांचा दीर्घकालीन थकव्याबद्दल अभ्यास केला, तो २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. सुमारे बारा टक्के स्त्रियांना सहा महिन्यांहून जास्त काळचा थकवा होता, आणि त्याचा हिमोग्लोबिनशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो गरिबीशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराशी, मनाच्या ढासळलेल्या अवस्थेशी. म्हणजे रक्तात शोधत बसणारे आम्ही चुकीच्या जागी शोधत आहोत का? या प्रश्नाला टाळून माझा मुद्दा उभा राहत नाही. एक तर गोव्याची परिस्थिती आणि गडचिरोलीतल्या एटापल्ली-धानोऱ्याची परिस्थिती एक नाही. सिकलसेल आणि फाल्सिपेरम मलेरिया यांचा असा भार तिथं नाही. पण यापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्या अभ्यासाच्या पद्धतीत आहे. हिमोग्लोबिनशी संबंध नाही हे त्यांना म्हणता आलं, कारण त्यांनी बायकांचं हिमोग्लोबिन मोजलं. आणि अत्याचाराशी संबंध आहे हे म्हणता आलं, कारण त्याबद्दलही विचारलं. ओपीडीत ‘टेन्शन घेऊ नको’ असं सांगणारा यातलं काहीच करत नाही. तेव्हा गोव्याचा पुरावा माझ्या विरोधात जात नाही, तो विचारायच्या प्रश्नांची यादी वाढवतो.

आता सलाईनबद्दल, कारण लोकांनाच ती हवी असते हा आक्षेप रोजचा आहे. “बॉटल लावून द्या” हे वाक्य ऐकलं नाही असा दिवस जात नाही, आणि सरकारी दवाखान्यानं नाकारलं तर गावातला झोलाछाप लावून देतोच. पाचशे मिलीलीटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. त्यातून मिळतात जेमतेम शंभर कॅलरी, पाऊण वाटी शिजलेल्या भाताइतक्या. नुसत्या मिठाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. त्यात व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळंधमक होतं आणि बाटलीला ताकदीचा रंग चढतो. फार रक्त कमी असलेल्या बाईला ती भराभर दिली तर हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरू शकतं. एवढं सांगूनही लोक ती मागतात, याला अडाणीपणा म्हणणं मला पटत नाही. बाटली चालू असताना दीड-दोन तास बाई आडवी असते, कोणीतरी उशाशी बसलेलं असतं, त्या दिवशी तिला सरपणाला पाठवलं जात नाही. तिला बरं वाटतं ते खरंच वाटतं. तिच्या आयुष्यात विसावा मिळवण्याचा, घरच्यांना मान्य होईल असा, हा एक मार्ग आहे आणि त्यासाठी दिवसाच्या मजुरीतला मोठा हिस्सा खर्चावा लागतो. शिवाय जुलाबाच्या रोग्याला किंवा सिकलसेलच्या वेदनांचा झटका आलेल्याला सलाईन हा योग्य उपचारच आहे. आमची तक्रार बाटलीबद्दल असण्यापेक्षा ती लावण्याआधी काय पाहिलं गेलं याबद्दल असावी.

पोटाला पुरेसं नाही हेच मूळ कारण, तेव्हा तपासण्या सोडा आणि अन्न द्या, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण अर्धंच आहे. अन्न हे औषध आहे याचा अलीकडचा सर्वांत चांगला पुरावा झारखंडमधला. अनुराग आणि माधवी भार्गव यांनी क्षयरोग्यांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, आणि २०२३ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांत नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. पण तो शिधा योग्य घरात पोचला कारण त्या घरात क्षयाचं निदान आधी झालं होतं. ज्याच्या कागदावर जनरल वीकनेस लिहिलं आहे त्याची क्षयरोग्यांच्या सरकारी ‘निक्षय’ यादीत नोंद होत नाही, त्याला पोषणाचे पैसे मिळत नाहीत, त्याच्या घरच्यांचा थुंकीचा नमुना कोणी मागत नाही.

सिकलसेलची चाचणी केली तर पोरीचं लग्न मोडेल, ही भीती मात्र खरी आहे आणि तिला पटकन उत्तर देता येत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल ग्रस्त होण्याची शक्यता पंचवीस टक्के, ही माहिती लग्नाआधी उपयोगाची. पण व्यवहारात चाचणीच्या निकालाचं कार्ड दाखवायला सांगितलं जातं मुलीला, मुलाचं कार्ड कोणी मागत नाही. यावर उपाय चाचणी लपवणं नाही. अख्ख्या वर्गाची, अख्ख्या टोल्याची, मुलगे-मुली सर्वांची एकदम चाचणी झाली तर एकटी मुलगी वेगळी पडत नाही. आणि निकाल वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचा नसतो, एवढं साधं भान कर्मचाऱ्याला असावं लागतं. ते प्रत्येक ठिकाणी असतं असं छातीठोक सांगता येणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. एका रोग्याला दोन मिनिटं, त्यात हे सगळं कधी करायचं? दोन मिनिटांत खालची पापणी ओढून पाहता येते, डोळ्यांत पिवळेपणा आहे का ते दिसतं, डाव्या बरगडीखाली हात घालता येतो, वजन घेता येतं, खोकला किती दिवसांचा आणि पाळीत किती जातं हे विचारता येतं. घरात कसं चाललंय हा प्रश्न दोन मिनिटांत विचारू नये हे खरं. तो आशाताईवर सोपवावा, तिला बहुधा उत्तर आधीच माहीत असतं. काहीच सापडलं नाही तर रकान्यात ‘कारण सापडलेलं नाही, महिन्यानं वजन पाहावं’ असं लिहावं. आता महिन्यानं यायला सांगणं जंगलपट्ट्यात अनेकदा पोकळ ठरतं. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात घरातलं कोणी दवाखान्यासाठी दिवस मोडत नाही. पण काचनळी, मलेरियाची पट्टी, थुंकीची डबी आणि वजनकाटा एका पिशवीत मावतात. ती पिशवी घेऊन पावसाच्या आधी, मे महिन्यातच गावात जावं लागेल, आणि तपासलेल्याचा निकाल रोवणी सुरू होण्यापूर्वी घरी पोचवावा लागेल.